रिसेप्शनला १८० पाहुणे: कोणाला कुठे बसवायचं?

मोरपंखी

धाकट्या भावाचं रिसेप्शन आहे. सगळ्यांनी टेबलाशी बसून जेवायचं, मध्ये भाषणं, एकूण बेत औपचारिक. पाहुण्यांना बसवायचं काम घरच्यांनी माझ्या गळ्यात घातलंय, का तर "तुला एक्सेल येतं". माणसं १८०. हॉलकडे ५ फूट आणि ६ फूट व्यासाची गोल टेबलं आहेत, थोडी लांबट आयताकृतीही आहेत.

आता गुंता सांगते. होणाऱ्या वहिनीचे आईवडील विभक्त आहेत, वडिलांचं दुसरं लग्न झालंय. सगळेच येणार आहेत आणि सगळेच समजूतदार आहेत, पण "एका टेबलावर नको हं" असं दोन्हीकडून हळूच कानावर घातलं गेलंय. आमच्याकडे थोरले मामा आणि मधले मामा बोलत नाहीत. कारण आता त्यांनाही आठवत नसावं. आजोबा व्हीलचेअरवर. आत्याला डाव्या कानाने जवळजवळ ऐकूच येत नाही. भावाच्या ऑफिसातले १४ जण, त्यात त्याचे साहेब. शिवाय पाच जण असे आहेत की जे नवरा-नवरी सोडून हॉलमध्ये कोणालाच ओळखत नाहीत.

नुसतं टेबल ठरवून द्यायचं की खुर्चीसुद्धा? आणि मुळात सुरुवात कुठून करायची? दोन वेळा यादी लावली, दोन्ही वेळा शेवटी एक टेबल असं उरतं की त्यावरच्या कोणाचाच कोणाशी संबंध नाही.

बोलघेवडा

ठरवायचं कशाला? जागा दिसेल तिथे बसा. माणसं आपली आपली बसतात. धागा संपला. (गंमत करतोय, हलके घ्या.)

टेबलमांड्या

बोलघेवडा, हॉल सांभाळणं हाच माझा धंदा आहे, त्यामुळे 'आपली आपली' बसलेली माणसं नेहमीच बघतो. पहिलं जोडपं बसतं, शेजारची एक खुर्ची पर्सला जाते, एक "ताई येतेय" म्हणून अडवली जाते. थोड्या वेळाने प्रत्येक टेबलावर एखाद-दुसरी सुटी खुर्ची उरते आणि दारात चौघांचं कुटुंब एकत्र जागा शोधत उभं असतं. उभ्याने खायचा कार्यक्रम असेल तर खुशाल मोकळं सोडा. वाढपी टेबलावर आणून वाढणार असतील तर नका सोडू.

मोरपंखी, माणसांच्या आधी टेबलांचा हिशेब करा. बसलेल्या माणसाला टेबलाची कड साधारण २४ इंच लागते. ५ फुटी टेबलाचा घेर १८८ इंच, म्हणजे ८ माणसं नीट बसतात. ६ फुटीचा २२६ इंच, तिथे ९ आरामात आणि १० चालून जातात. हॉलवाले तुम्हाला ५ फुटीवर १० आणि ६ फुटीवर १२ सांगतील. दोन्ही ठिकाणी माणसाच्या वाट्याला १९ इंचसुद्धा येत नाहीत. कोपर शेजाऱ्याच्या ताटात जातं आणि वाढप्याला मध्ये हात घालता येत नाही.

दोन टेबलांच्या कडांमध्ये ५ फूट ठेवा. बसलेला माणूस खुर्चीसकट दीड फुटाच्या वर जागा खातो, दोन्ही बाजूंचे मिळून तीन-सव्वातीन फूट तिथेच जातात. उरलेल्या दीड-दोन फुटांतून वाढपी जाणार. म्हणजे ५ फुटी टेबलाला एकूण १० बाय १० फुटांचा चौकोन धरायचा. १८० माणसांना ८ प्रमाणे २३ टेबलं, २३०० चौरस फूट झाले. स्टेज, प्रवेशाची जागा, वाद्यवृंद असेल तर तो, हे सगळं वेगळं. जागा अपुरी पडली तर टेबलं सरळ रांगेत न मांडता एकाआड एक सरकवून मांडा. अंतर तेवढंच राहतं आणि जागा १३ टक्क्यांच्या आसपास वाचते.

कातरवेळ

मोरपंखी, तुझ्या शेवटच्या वाक्यातच दुखणं आहे बघ. शेवटी उरलेल्यांचं टेबल तयार होतं कारण तू त्यांना शेवटी बसवतेस. आपण यादी घेतली की आधी काका, आत्या, मावश्या लिहून मोकळे होतो, कारण ते सोपं असतं. ती मंडळी कुठेही बसली तरी हसणार-खिदळणारच आहेत. ज्यांना कोणी ओळखत नाही त्या पाच जणांची नावं आधी लिही. प्रत्येकाच्या शेजारी कोण बसलं तर त्याची संध्याकाळ बरी जाईल, एवढाच विचार कर. त्यांच्यासाठी पाच वेगवेगळ्या टेबलांवर जागा कर आणि मग त्यांच्याभोवती बाकीचे भर.

त्या पाचांना एकत्र बसवायचा मोह होईल. नको करूस. कोणाशीच ओळख नसलेली पाच माणसं एका टेबलावर म्हणजे प्रतीक्षालय. त्यांना लगेच कळतं की आपण उरलेलो आहोत. "अविवाहितांचं टेबल" हाही तसलाच प्रकार. ज्यांना तिथे बसवतात त्यांना तो विनोद वाटत नाही.

अनुस्वार

कातरवेळ +१. पण शेजारी निवडताना 'दोघंही इंजिनियर आहेत' एवढ्यावर जाऊ नका. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात मला असंच एकाच्या शेजारी बसवलं होतं. आमचा व्यवसाय सारखा, संभाषण चार मिनिटांचं. पलीकडे एक आजी होत्या, त्यांना प्रत्येकाला प्रश्न विचारायची सवय. अख्खं टेबल त्यांनी चालवलं. अशी माणसं प्रत्येक कुटुंबात दोन-तीन असतात, ती आधी हेरून ठेवा आणि टेबलाटेबलांवर पेरा.

त्रिज्या

कातरवेळताई म्हणतात तेच गणितवाले वेगळ्या भाषेत सांगतात. प्रत्येक पाहुणा म्हणजे एक बिंदू काढा. ज्या दोघांना एकत्र बसवायचं नाही त्यांच्यामध्ये रेघ ओढा. आता टेबल म्हणजे रंग, आणि रेघेने जोडलेल्या दोन बिंदूंना एकच रंग द्यायचा नाही. झाला तुमचा ग्राफ कलरिंगचा प्रश्न.

यातून एक दिलासा मिळतो. सर्वात भांडकुदळ माणसाचं समजा चौघांशी वाकडं आहे. मग पाच टेबलं असली तर भांडणं टाळून सगळ्यांना बसवता येतंच. कारण कोणाचीही पाळी आली तरी त्याला वर्ज्य टेबलं जास्तीत जास्त चार. एवढंच नाही, टेबलांवरची माणसंही समसमान ठेवता येतात, फार तर एकाचा फरक. हे हायनाल आणि सेमेरेदी या हंगेरियन गणितज्ञांनी १९७० मध्ये सिद्ध केलं. तुमच्याकडे टेबलं २३. तेवीस जणांशी वाकडं असलेला नातेवाईक निघाला तरच काळजी करा.

अर्थात त्या सिद्धतेत जोडपी नाहीत. 'या दोघांना एकत्रच बसवा' आणि 'या कुटुंबाला तोडू नका' आलं की प्रश्न अवघड होतो. म्हणून जोडपं किंवा कुटुंब हा एकच बिंदू धरा आणि सर्वात जास्त अटी असलेला बिंदू आधी बसवा. कमी अटींची माणसं शेवटी कुठेही मावतात.

जाता जाता, मेगन बेलोज आणि ल्यूक पीटरसन यांनी स्वतःच्या लग्नासाठी हेच संगणकाकडून करून घेतलं आणि २०१२ मध्ये त्यावर निबंधही छापला. १०७ पाहुणे, ११ टेबलं. जोडप्याला मोठा आकडा, नुसत्या ओळखीला लहान, ओळख नसेल तर शून्य, आणि टेबलावरची बेरीज जास्तीत जास्त व्हावी अशी मांडणी. प्रत्येकाच्या टेबलावर निदान काही ओळखीचे असावेत, अशी अटही त्यात होती.

बोलघेवडा

लग्न करण्यापेक्षा निबंध सोपा दिसतोय.

मोरपंखी

त्रिज्या, रेघा ओढून बघितल्या. सगळ्यात जास्त रेघा आमच्या थोरल्या मामांच्या निघाल्या, तीन! बाकी सगळे एक किंवा शून्य. मला वाटत होतं त्याच्या मानाने आमचं घराणं फारच गुण्यागोविंदाने नांदतंय.

पण खुर्चीचं काय? टेबलापर्यंत ठरवून सोडून दिलं तर चालेल ना? एका टेबलावरच्या आठ जणांचे किती प्रकार होतात हे बघायला गेले आणि घाबरले.

त्रिज्या

गोल टेबल असेल तर ५०४०. एकाला जागेवर ठेवून उरलेल्या सातांची अदलाबदल. नवराबायको शेजारी नकोत आणि एकाआड एक स्त्री-पुरुष हवेत अशी अट घातली तर चार जोडप्यांसाठी ९६ च प्रकार उरतात, तेही खुर्च्यांना क्रमांक दिलेत असं धरून. हे कोडं फ्रेंच गणितज्ञ एदुआर ल्युका यांनी १८९१ मध्ये मांडलं होतं. तुम्हाला यातलं काही करायची गरज नाही, पण प्रश्न आला म्हणून सांगितलं.

टेबलमांड्या

खुर्ची ठरवावी की नाही, याचं उत्तर स्वयंपाकघरात मिळतं. प्रत्येकाला सारखंच जेवण असेल तर टेबल क्रमांक पुरे. कोणाला पथ्य आहे, कोणाला एखाद्या पदार्थाची ॲलर्जी आहे, कोणी आधी कळवून वेगळं ताट मागितलंय, असं असेल तर त्या माणसाच्या जागी नावाचं कार्ड हवंच. कार्डाच्या कोपऱ्यात छोटी खूण करा आणि खुणेचा अर्थ वाढप्यांच्या मुख्याला सांगून ठेवा. नाहीतर तो भर टेबलावर "ॲलर्जीवाले कोण?" असं ओरडतो.

मी सुचवेन ते मधलं. पुढची तीन-चार टेबलं आणि ज्यांना अडचण आहे अशी माणसं, यांना खुर्चीसकट जागा. बाकीच्यांना फक्त टेबल.

आजोबांचं सांगतो. दारापासून त्यांच्या टेबलापर्यंतची वाट सलग ३ फूट रुंद हवी आणि खुर्ची वळवायला ५ फुटांची मोकळी जागा. त्यांच्या टेबलावरची एक खुर्ची आधीच काढून घ्या, ते आल्यावर ओढाओढ नको. व्हीलचेअर साध्या खुर्चीपेक्षा रुंद असते म्हणून त्या ५ फुटी टेबलावर ८ ऐवजी ७ धरा. टेबलाखालचा पाय मध्ये येतो का आणि हातांचे दांडे टेबलाखाली जातात का, हे खुर्ची प्रत्यक्ष नेऊन बघा. आणि दाराशी सोयीचं म्हणून त्यांना एकटं दारात बसवू नका. नातवाचं रिसेप्शन आहे, त्यांना स्टेज दिसलं पाहिजे.

सरळरेष

आत्याबाईंबद्दल. मी श्रवणतज्ज्ञ आहे, म्हणून थोडं सविस्तर.

डावा कान अधू असेल तर बहुतेक माणसं त्यांच्या उजव्या हाताला येतील अशी खुर्ची द्या. टेबल भिंतीकडचं असेल तर त्यांची डावी बाजू भिंतीकडे. कमी ऐकू येणारी माणसं ओठांकडे बघून बरंच समजून घेतात, त्यामुळे समोरच्यांच्या तोंडावर उजेड हवा. समोरच्यांच्या पाठीमागे प्रखर दिवा असेल तर चेहरे काळे दिसतात आणि तो आधारही जातो.

स्पीकरजवळ बसवलं तर बरं ऐकू येईल, हा समज जवळपास सगळ्यांचा असतो. भाषणापुरतं ते खरं आहे. मग संगीत सुरू होतं आणि शेजारच्याचं एक अक्षर कळत नाही. श्रवणयंत्र असेल तर तेही कलकलाट वाढवूनच देतं. मोकळ्यावर अंतर दुप्पट केलं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. हॉलमध्ये भिंतींवरून आवाज परतत असल्याने एवढा उतरत नाही, तरी दोन टेबलं मागे गेलं की फरक जाणवतो. स्पीकरच्या तोंडासमोरची टेबलं तरुणांना द्या. आजी-आजोबा मंडळींना मानाने पहिल्या रांगेत बसवायचं आणि तिथेच दोन्ही बाजूंना स्पीकर उभे करायचे, हा प्रकार मी इतक्या ठिकाणी बघितलाय की आता बोलायचं सोडून दिलंय.

टेबलाचा आकारही बघा. ६ फुटी टेबलावर समोरच्याशी गोंगाटात बोलणं निरोगी कानालाही जड जातं. आत्याबाईंना ५ फुटी द्या. तसंही मोकळ्या गप्पांत चारच्या वर माणसं झाली की संभाषण फुटतं, असं रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये निरीक्षणांवरून मांडलं होतं. दहा जणांचं टेबल म्हणजे व्यवहारात शेजारशेजारची तीन छोटी टेबलंच.

कातरवेळ

सरळरेष, हे फार छान सांगितलंत. शेवटच्या मुद्द्यामुळे माझं म्हणणंही नेमकं झालं. त्या अनोळखी पाहुण्याच्या टेबलावर ओळखीचं कोणीतरी असून पुरत नाही, ते डाव्या किंवा उजव्या हातालाच हवं. म्हणजे मोरपंखी, या पाचांनाही खुर्ची ठरवून द्यावी लागणार.

वहिनीच्या आईवडिलांचं. नवरा-नवरीच्या टेबलापासून दोन टेबलं, एक डावीकडे, एक उजवीकडे, अंतर सारखं. अगदी टेपने मोजून सारखं, कारण मोजणारी माणसं असतातच. आईच्या टेबलावर तिची भावंडं आणि जवळच्या मैत्रिणी, वडिलांच्या टेबलावर त्यांची बायको आणि त्यांच्याकडची माणसं. प्रत्येकजण आपल्या टेबलाचा यजमान झाला की कोण पुढे, कोण मागे हा प्रश्न बराचसा मिटतो. आणि स्टेजसमोर एकच लांबलचक टेबल मांडून दोन्हीकडच्या घरच्यांना त्यावर एका ओळीत बसवायचं असं कोणी सुचवलं तर साफ नाही म्हण. टोकाच्या माणसाला एकच शेजारी मिळतो आणि सगळ्यांना हॉलकडे तोंड करून जेवावं लागतं. नवरा-नवरीला दोघांचंच छोटं टेबल दे. तशीही ती दोघं जागेवर बसणार किती वेळ!

अनुस्वार

आणि दोन मामा? पाठीला पाठ लावून बसवले तर? एकमेकांना दिसणारच नाहीत.

टेबलमांड्या

नको. एक खुर्ची मागे सरकवणार, दुसऱ्याला धक्का लागणार आणि भांडणाला एकदाचं कारण मिळेल. एकाच रांगेत ठेवा, मध्ये दोन टेबलं सोडा. एकाच रांगेत का, तर "त्याला पुढे आणि मला मागे" हे निघू नये.

याच कारणासाठी टेबलांचे क्रमांक स्टेजकडून देऊ नका. १ नंबर स्टेजजवळ आणि २३ नंबर मागे दाराशी असला की २३ वाल्यांना आपली किंमत छापील स्वरूपात मिळते. दारापासून चालत्या वाटेने क्रमांक द्या. पाहुण्यांना टेबल सापडायलाही तेच सोपं. हौसेने फुलांची नावं वगैरे देतात, दिसायला छान असतं, पण मोगरा कुठे आणि चाफा कुठे हे सांगायला दारात माणूस उभा करावा लागतो. वाढपी शेवटी क्रमांकच वापरतात.

नवखा_यजमान

छान धागा, वाचनखूण साठवली. मुलांचं काय करता? आमच्याकडे पण पुढे कार्यक्रम आहे.

कातरवेळ

अगदी लहान मुलं आईबापांजवळ. स्वतःच्या हाताने खाणारी सहा-सात वर्षांपुढची मुलं वेगळ्या टेबलावर खूश असतात, फक्त ते टेबल आईबापांच्या नजरेच्या टप्प्यात हवं. तेरा-चौदा वर्षांच्यांना मुलांच्या टेबलावर बसवलंत तर वर्षभर ऐकून घ्यावं लागेल.

मोरपंखी

सर्वांचे आभार. पाच अनोळखींपासून सुरुवात केली आणि खरंच उरलेल्यांचं टेबल तयारच झालं नाही. आजोबा आणि आत्या एकाच ५ फुटी टेबलावर, सात जण, भिंतीकडे, पण स्टेज समोर दिसेल असे. मामा एकाच रांगेत.

तीन प्रश्न उरले. अजून काही जणांनी येतो-नाही काहीच कळवलेलं नाही. यादी दाराशी कशी लावायची? आणि भाषणांच्या वेळी ज्यांची स्टेजकडे पाठ येते त्यांचं काय?

टेबलमांड्या

न कळवणाऱ्यांना फोन. दुसरा उपाय नाही. तरीही अचानक येणाऱ्यांसाठी एक अख्खं टेबल रिकामं ठेवू नका, ते मांडलेलं ओसाड दिसतं आणि उशिरा आलेले बिचारे तिथे एकटे पडतात. चार-पाच टेबलांवर एकेक जागा हातची ठेवा. एखाद्या टेबलावरचे तिघं-चौघं आलेच नाहीत तर जादा खुर्च्या उचलायला सांगा आणि उरलेल्यांना पसरून बसू द्या. रिकाम्या खुर्चीकडे बघत कोणाला जेवायला लावू नका.

यादी आडनावाच्या अकारविल्ह्याने लावा, टेबलवार नाही. टेबलवार लावली की प्रत्येकजण तेवीस टेबलं वाचत बसतो आणि मागे गर्दी साचते. दोन फलक करा, अर्धी वर्णमाला एकावर, अर्धी दुसऱ्यावर, आणि दोन्हींमध्ये अंतर ठेवा. अक्षर एवढं मोठं की चष्मा शोधावा लागू नये. फलक दाराच्या चौकटीला लावू नका, आत दहा-बारा पावलांवर लावा. शेवटची दुरुस्त प्रत दाराशी उभ्या असलेल्या एका माणसाकडे. ते माणूस तुम्ही असू नका.

पाठीचं म्हणाल तर गोल टेबलावर दोघा-तिघांची पाठ स्टेजकडे येणारच. पुढच्या रांगेत जागा परवडत असेल तर स्टेजकडच्या बाजूला खुर्च्याच लावू नका, ५ फुटीवर पाच-सहा माणसं बसवा. बाकीच्या टेबलांवर लोक भाषणापुरती खुर्ची वळवतात. म्हणून तर ते ५ फुटांचं अंतर.

बोलघेवडा

एवढं सगळं करूनही लोक कार्ड उचलून दुसरीकडे जाऊन बसले तर?

टेबलमांड्या

बसतातच. पथ्याच्या ताटांकडे लक्ष ठेवायचं, बाकी सोडून द्यायचं. जेवण झाल्यावर तर कोणीच आपल्या जागेवर नसतं.

मोरपंखी

शेवटचं विचारते. ऑफिसचे १४. एका टेबलावर ८ आणि दुसऱ्यावर ६, की ७-७?

अनुस्वार

साहेब धरून १४ ना? साहेबांना त्यांच्यात बसवायचंय का, ते आधी बघा.

मोरपंखी

आत्ताच भावाला विचारलं. प्रश्न पुरा व्हायच्या आत "दुसऱ्या टेबलावर" म्हणाला. म्हणजे ७ आणि ६, आणि साहेब त्या प्रश्न विचारणाऱ्या मावशीशेजारी. आमच्याकडेही एक आहेत.